दुखणं कुत्र्याचं, जागरण घराचं

कुत्र्यांच्या सांधेदुखीवरच्या या पुस्तिकेतली पुढची प्रकरणं पशुवैद्यांनी लिहिली आहेत. सांध्यात नेमकं काय बिघडतं, एक्स-रेमध्ये काय दिसतं, कुठली गोळी कशाबरोबर द्यायची नाही, व्यायाम कसा करून घ्यायचा, हे त्यांनी सांगितलं आहे आणि ते त्यांनीच सांगायला हवं. माझ्याकडे प्रस्तावना आली ती वेगळ्या कारणाने. आमच्या घरात मिली नावाची लॅब्रॅडॉर म्हातारी झाली आणि तिचे मागचे पाय हळूहळू जाताना मी रोज पाहिलं. त्यामुळे ही पानं कुत्र्याविषयी कमी आणि रात्री उठून त्याच्यापाशी बसणाऱ्या माणसाविषयी जास्त आहेत.

आपल्या गोष्टींतला कुत्रा कायम धडधाकट असतो. नामदेवांची पोळी पळवणारा कुत्रा असा सुसाट सुटतो, की तुपाची वाटी घेऊन मागे धावणाऱ्या नामदेवांची दमछाक व्हावी. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री ताठ उभी असतात. धर्मराजाच्या मागे निघालेला तर हिमालय चढून थेट स्वर्गाच्या दारापर्यंत गेला. वाटेत द्रौपदी पडली, चार भाऊ पडले, हा पडला नाही. (आमच्या बाईसाहेब दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरायला तयार नसायच्या, तेव्हा मला या कुत्र्याची फार आठवण यायची.) कुत्र्याने माणसाची साथ कशी केली, हे आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो. कुत्रा थकला आणि साथ करायची पाळी माणसावर आली की त्या घरात काय होतं, ते मात्र कोणी सांगत नाही. मग ज्याच्यावर ही वेळ येते त्याला वाटतं, असं फक्त आपलंच होतंय, आपणच कुठेतरी कमी पडतोय.

आजाराविषयी थोडक्यात. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. तो झिजतो, सांध्यातलं वंगण कमअस्सल होतं, सांध्याचं अस्तर सुजतं, कडेने हाड वाढायला लागतं. झिजलेली कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. आपल्या गुडघ्यांच्या बाबतीत हे बहुतेक उतारवयात घडतं. कुत्र्यांत त्याची सुरुवात पुष्कळदा पिल्लू असतानाच झालेली असते. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर या जातींतल्या काही कुत्र्यांत खुब्याचा सांधा वाढीच्या वयातच नीट बसत नाही, डॉक्टर त्याला हिप डिस्प्लेशिया म्हणतात. कुणाच्या कोपरात दोष असतो, कुणाच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटलेला असतो. आपल्या लक्षात येतं ते फार उशिरा, कुत्रा जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून वर बघायला लागतो तेव्हा.

हा आजार बरा होत नाही आणि लगेच नेतही नाही. कुत्र्याला कॅन्सर निघाला तर घरावर आभाळ कोसळतं, पण निदान किती दिवस काढायचेत याचा काहीतरी अंदाज डॉक्टर देतात आणि घर त्या बेताने कंबर कसतं. सांधेदुखीत मुदतच नसते. कुत्रा जेवतो, शेपटी हलवतो, बेल वाजली की भुंकतो. दोन वर्षं, चार वर्षं असंच चालतं, कधी बरं, कधी वाईट. इतका काळ कंबर कसून कोणी राहू शकत नाही, आणि त्राण संपलं म्हणून कोणाला सांगावं तर सांगण्याजोगं काही घडलेलंही नसतं.

सकाळचं उठणंच बघा. आधी पुढचे दोन पाय ताणले जातात, छाती वर येते, मग थोडा वेळ तसंच बसून राहणं. मागचे पाय रोवायचा प्रयत्न होतो, पण व्हिट्रिफाइड टाइल्सवर नखं करकरतात आणि पाय दोन्ही बाजूंना फाकतात. मिली अशा वेळी एकदा माझ्याकडे बघायची. मी उचलायला वाकले की ती घाई करायची आणि पुन्हा घसरायची. न वाकता उभी राहिले की माझंच मन मला खायचं. शेवटी पोटाखालून जुनी ओढणी घालून मागची बाजू अलगद वर धरायची आणि चालायचं काम तिचं तिला करू द्यायचं, ही युक्ती सापडली. दरवाजापासून जिन्यापर्यंत जुन्या सतरंज्या आणि योगा मॅट अंथरल्या, घराचा पार धर्मशाळेसारखा अवतार झाला. गंमत अशी की दहा-पंधरा पावलं टाकली की तिचे सांधे मोकळे व्हायचे आणि ती अशी चालू लागायची, की समोरून येणाऱ्याने म्हणावं, “हिला कुठे काय झालंय? छान तर आहे!”

माझ्या मते या आजारातला सगळ्यात मोठा ताण इथेच आहे. उचलणं, पुसणं, गोळ्या देणं यांनी पाठ मोडते, पण माणूस खचतो तो सततच्या अंदाजांनी. कुत्रा दुखण्याची तक्रार ओरडून क्वचितच करतो. तो पुढच्या पायाचं मनगट चाटत बसतो, सोफ्यावर चढणं सोडून देतो, रात्री चार वेळा जागा बदलतो. एका बाजूची मांडी बारीक होते, मागची नखं पुढून घासली जातात. एरवी गरीब असलेला प्राणी पाठीवर हात ठेवला की गुरगुरतो. यातली एकेक गोष्ट घरात ‘वय झालं आता’ या खात्यावर जमा होत जाते, आणि हे दुखणं आहे असं ज्या दिवशी डॉक्टर सांगतात त्या दिवशी मागचे सगळे महिने एकदम अंगावर येतात. त्यानंतर उलटा प्रकार सुरू होतो: प्रत्येक हालचालीत दुखणं दिसायला लागतं. आज ताटलीकडे पाठ फिरवली ती पाय दुखतोय म्हणून, की गोळीने पोट बिघडलं म्हणून? फिरवलं नाही तर सांधे आखडतात, जरा जास्त फिरवलं तर रात्रभर कण्हणं ऐकावं लागतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत, आणि ज्याच्यासाठी हे चाललंय तो काहीच सांगत नाही.

शास्त्रज्ञांनाही यातून सुटका नाही. कुत्र्याच्या सांधेदुखीचं मोजमाप करण्यासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, लिव्हरपूलमध्ये, हेलसिंकीत प्रश्नावल्या तयार झाल्या. त्या सगळ्या भरायच्या असतात मालकाने. म्हणजे उपचार लागू पडतोय की नाही हे ठरवणारं मुख्य साधन म्हणजे आपले डोळे, आणि ते आशेने लवकर भारावतात. २०१२ साली अमेरिकेत कॉन्झेमियस आणि इव्हान्स या दोघांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. सांधेदुखीने लंगडणाऱ्या ज्या कुत्र्यांना औषध नसलेल्या नुसत्या गोळ्या दिल्या गेल्या होत्या, त्यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. पायावर प्रत्यक्ष किती भार पडतो हे मोजणारं यंत्र सुधारणा दाखवत नसतानाही अनेक मालकांना कुत्रा सुधारलेला दिसला होता. आणि मालकांनाच नव्हे, तपासणाऱ्या पशुवैद्यांनाही. मला हे वाचून वाईट वाटण्याऐवजी हायसं वाटलं. जिथे डॉक्टरांचे डोळे फसतात तिथे आपण रोज रात्री स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं कारण नाही. यावर उपाय साधा आहे: आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच जागी चालतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवायचा आणि दोन ओळी वहीत लिहायच्या. आठवणीपेक्षा वही बरी, कारण तिला कालच्या रडण्याचा विसर पडत नाही आणि ती ते वाढवूनही सांगत नाही.

आता जेवणाकडे वळते, कारण मराठी घरात खरी परीक्षा तिथे होते. वजन कमी ठेवणं हा या आजारातला सर्वात स्वस्त आणि सर्वात भरवशाचा उपाय आहे. त्याला भक्कम आधारही आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एक अभ्यास त्यांच्या आयुष्यभर चालला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं गेलं. २००२ मध्ये निष्कर्ष आले: कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली, आणि सांधेदुखीवर उपचार करायची वेळही त्यांच्यावर बरीच उशिरा आली. डॉक्टरांनी हे सांगितलं की आपण मान डोलावतो. घरी येऊन पानं वाढली जातात, टेबलाखाली एक हनुवटी आपल्या पायावर येऊन टेकते, आणि तिथे विज्ञान संपतं. चपातीचा शेवटचा तुकडा, खिचडीची खरवड, सणाच्या दिवशी पुरणपोळीचा कोपरा: मिलीचं आणि आमच्या सासूबाईंचं सगळं नातं या देवाणघेवाणीवर उभं होतं. ते बंद करा म्हणून सांगणारी मी घरातली खलनायिका ठरले. “तिचे पाय गेले, आता तिचं खाणंही काढून घेतेस?” या प्रश्नाला २००२ सालचा अभ्यास उत्तर देऊ शकत नाही. आम्ही शेवटी गाजराच्या आणि काकडीच्या फोडींवर तडजोड केली. सासूबाईंनी त्यालाही तुपाचा हात लावायचा प्रयत्न केला होता, ते असो.

कुत्रा कोणाचा आणि करतो कोण, हाही प्रश्न नाजूक आहे. पुण्या-मुंबईच्या, ठाण्या-नाशिकच्या कितीतरी घरांत गोष्ट सारखीच असते. दहावी-बारावीतल्या मुलाने हट्ट करून पिल्लू आणलं. मुलगा शिकायला बेंगळुरूला, तिथून जर्मनीला किंवा टेक्सासला गेला. पिल्लू तीस किलोचं झालं आणि राहिलं आईबाबांकडे. आता आईचं वय अडुसष्ट, तिचेही गुडघे कुरकुरतात, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत दोघींना जिना उतरायचा आहे. मुलगा व्हिडिओ कॉलवर विचारतो, “बरी आहे ना ती?” आई म्हणते, “हो रे, मजेत.” त्याला तिथे अपराधी वाटतं, तिला इथे एकटं वाटतं, आणि दोघं एकमेकांना जपायला म्हणून खरं बोलत नाहीत. ज्या घरात हे करणारी नोकरी करणारी सून असते तिथे हाच हिशेब वेगळ्या भाषेत चालतो: कुत्र्यासाठी रजा मागायची म्हणजे ऑफिसात काय कारण सांगायचं?

या ओझ्याला शास्त्रातही जागा मिळाली ती अलीकडे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची देखभाल करणाऱ्या नातेवाइकांवरचा ताण मोजायला स्टीव्हन झारिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एक प्रश्नावली तयार केली. तीच थोडी बदलून केंट स्टेट विद्यापीठातल्या मेरी बेथ स्पिट्झनेगल यांनी आजारी पाळीव प्राण्यांच्या मालकांना विचारली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दीर्घ आजार असलेल्या प्राण्यांच्या मालकांवर निरोगी प्राण्यांच्या मालकांपेक्षा ताण स्पष्टपणे जास्त आढळला. खिन्नतेची आणि चिंतेची लक्षणंही जास्त होती. पुढे २०२० मध्ये ब्रिटनमधल्या झोई बेल्शॉ आणि सहकाऱ्यांनी नेमक्या सांधेदुखीच्या कुत्र्यांच्या मालकांशी सविस्तर बोलून जे मांडलं, ते वाचताना मला आमच्याच सोसायटीतल्या गप्पा ऐकतेय असं वाटलं: फिरण्याचं बिघडलेलं वेळापत्रक, खर्च, आणि पुढे काय होणार हा घोर. फरक इतकाच, की तिथे हे कोणीतरी बसून ऐकून घेतलं.

आपल्याकडे ऐकणारे कमी आणि सुनावणारे फार. “माणसांना औषध मिळत नाही आणि तुमचे हे लाड!” हे वाक्य मी जिन्यात, दुकानात, लग्नात ऐकलेलं आहे. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण माझ्या कुत्रीची गोळी बंद केल्याने कुणाला औषध मिळाल्याचं काही ऐकिवात नाही. आणि मुंबई शहर असं कोरडं कधीच नव्हतं. १८३२ मध्ये भटकी कुत्री मारायच्या इंग्रजांच्या हुकमावरून मुंबईत दंगल उसळली होती. त्यानंतर दोनच वर्षांत पांजरपोळ उभा राहिला. परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चं आहे. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांसाठीचं मोठं रुग्णालय सुरू झालं. प्राण्यासाठी आपण जवळजवळ दोनशे वर्षं काही ना काही उभारत आलोय. त्या प्राण्याला घेऊन बाकावर ताटकळणाऱ्या बाईला “तुम्ही झोपता का रात्री?” असं विचारायची सोय मात्र अजून नीटशी झालेली नाही.

पैशाचं फार लांबवत नाही. गोळ्या महिनोन्‌महिने चालतात, मूत्रपिंड आणि यकृत नीट आहे ना हे बघायला रक्त तपासावं लागतं, आणि विमा बहुतेकांनी काढलेला नसतो. खर्च टाळायला घरातली माणसाची वेदनाशामक गोळी देण्याचा मोह होतो. तो जीवघेणा ठरू शकतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक आहेत. जाता जाता: याच डायक्लोफेनॅकने आपल्याकडची गिधाडं संपत आली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली, आणि गिधाडांना सुरक्षित पर्याय म्हणून जे औषध पुढे आलं ते मेलोक्सिकॅम. सांधेदुखीच्या कुत्र्यांना डॉक्टर पुष्कळदा हेच लिहून देतात. मात्रा अर्थात त्यांनीच ठरवायची.

राहता राहिला तो विषय, जो या पुस्तिकेत शेवटच्या प्रकरणात येतो आणि जो पहिल्या दिवसापासून मनात असतो. इंजेक्शन द्यायचं का, आणि कधी? सांधेदुखीत ही वेळ आपणहून येत नाही. भूक शाबूत, नजर ओळखीची, आणि मागचं अर्धं अंग गेलेलं. अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक तक्ता केला आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे, बेरीज ३५ च्या वर असेल तर देखभाल चालू ठेवण्यासारखी आहे असं समजायचं. आकड्यांत जीव मोजणं सुरुवातीला अंगावर येतं. पण तक्त्याचा खरा उपयोग बेरजेत नाही. घरातल्या तिघांनी वेगवेगळे गुण लिहिले आणि मग एकमेकांचे कागद पाहिले, की जे महिनाभर कोणी बोललं नव्हतं ते टेबलावर येतं. आमच्याकडे तसं झालं. सासूबाईंनी ‘आनंद’ला दहा दिले होते, मी तीन.

“आपल्या हाताने कसं करायचं?” हा प्रश्न आपल्या घरांत धर्माचाही असतो, आणि त्याला तुच्छतेने उडवून लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. नैसर्गिक मरणापर्यंत वेदना आवरत, स्वच्छ ठेवत सांभाळणारी घरं मी पाहिली आहेत आणि वेळेवर निरोप देणारीही. दोन्ही ठिकाणी माया होती. मला चूक वाटते ती एकच: निर्णय एका माणसावर सोपवून बाकीच्यांनी दुसऱ्या खोलीत जाणं, आणि पुढे आयुष्यभर “तिने इंजेक्शन द्यायला लावलं” म्हणत राहणं. नंतरचं दुःखही असंच बेवारस असतं. समाज ज्या शोकाला शोक मानत नाही त्यावर केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये एक पुस्तक संपादित केलं होतं. आपल्याकडे कुत्रा गेल्यावर सुतक नसतं, भेटायला कोणी येत नाही, दुसऱ्या दिवशी डबा भरून लोकल पकडायची असते. आणि सांधेदुखीच्या घरात हा शोक कुत्रा जिवंत असतानाच सुरू झालेला असतो, त्यामुळे शेवटी रडण्याबरोबर सुटल्यासारखंही वाटतं. ते वाटण्यात काही पाप नाही. इतकी वर्षं अर्धवट झोपलेल्या माणसाला झोप हवी असते.

वाचकांना दोनच विनंत्या. ही पुस्तिका एकट्याने वाचू नका. वेदनेच्या खुणांचं प्रकरण तरी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा, आजीलाही आणि फोनवरच्या मुलालाही. आणि डॉक्टरकडे पुढच्या खेपेला जाल तेव्हा घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी बरोबर न्या, एरवी ‘मला वेळ नाही’ म्हणतो त्यालाच शक्यतो. कुत्र्याला त्यालाही उचलू द्या, आणि डॉक्टर काय म्हणाले ते वहीत त्याच्याकडूनच लिहून घ्या.